अर्धा इअरफोन

डहाणू रोड स्टेशनकडून मसोलीला जाताना निलमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान लागतं. दुपारी दोनच्या सुमाराला सरावलीचा सुदर्शन तिथे आला. कुठल्याशा सरकारी कचेरीत कारकून. इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणं. त्याच्या हातातल्या फोनच्या भोकात इअरफोनच्या पिनेचं टोक मोडून अडकलं होतं.

"बायकोचा फोन आहे. प्रभानं रागाच्या भरात वायर ओढली आणि तशीच निघून गेली, तलासरीला आईकडे. उरलेला इअरफोन तिच्याच कानात. तेव्हापासून फोनला आवाज नाही."

"मग त्या आल्या की बघू ना."

"बारा दिवस झाले. आईकडे पोचलीच नाही ती."

निलमने मान वर केली. बायकोचा पत्ता नाही आणि याला फोनच्या आवाजाची पडलीय!

"पोलिसांत सांगितलंत?"

"येईल ती. तुम्ही टोक काढा."

तिने रिकाम्या रिफिलच्या तोंडाला गोंदाचा थेंब लावला, ती भोकात टेकवून धरली आणि गोंद वाळल्यावर ओढली. टोक सहज यायला हवं होतं. पण पलीकडून कुणी धरून ठेवल्यासारखं ते ताणलं गेलं, आणि मग एकदम सुटलं.

टोक ओलं होतं. त्यावरून टेबलावर पाणी ठिबकलं.

"फोन पाण्यात पडला होता का?"

"नाही," तो घाईने म्हणाला.

भोक आतून ठणठणीत कोरडं होतं. पडद्यावरची हेडफोनची खूण मात्र जाईना. तिने फोन बंद करून पुन्हा चालू केला. शेवटी फोन उघडून भोकाचा तो सुटा भागच काढून टेबलावर ठेवला.

खूण होतीच.

पाहावं म्हणून तिने एक गाणं लावलं. पडद्यावर गाणं सरकू लागलं, आवाज नाही. जरा वेळाने ते आपोआप थांबलं. तिने पुन्हा लावलं. पुन्हा थांबलं. हे तिच्या ओळखीचं होतं. वायरवरचं बटण दाबलं की गाणं असंच थांबतं.

"त्यांच्या इअरफोनला बटण होतं का हो?"

सुदर्शन टेबलावर पुढे झुकला.

तिने तिसऱ्यांदा गाणं लावलं. त्याने फोन ओढून घेतला, तोंडाजवळ धरला आणि लहान मुलाला दटावावं तसं हळूच म्हणाला,

"प्रभा, हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

पडद्यावर गाणं शेवटपर्यंत सरकत गेलं. मध्ये एकदाही थांबलं नाही.