चारूसाठी उसासे

मंजिरीच्या छातीभोवतीचा पट्टा नवव्या दिवशीही निघाला नव्हता. ती जसा श्वास घेई, तसाच काचेपलीकडे तिची चार वर्षांची मुलगी चारू घेई. या पद्धतीला आता सगळे ‘साथश्वास’ म्हणत. पूर्वीचं व्हेंटिलेटर घड्याळासारखी ठरावीक हवा ढकलायचं. हे नवं यंत्र रक्ताच्या माणसाच्या श्वासाची नक्कल करी.

चारूच्या फुप्फुसाचा उघडा भाग काल सत्तर टक्के होता. आज सकाळी पडद्यावर चोपन्न दिसले. मंजिरीची नजर त्या आकड्यावरून हलेना. आपण जास्त झोपलो म्हणून? की दोनदा चहा घेतला म्हणून?

डॉक्टर हुद्दारबाई स्टूल ओढून शेजारी बसल्या. “काल कोणी आलं होतं का गं?”

ऋषी आला होता, चारूचा बाबा. शेजारच्या काकूंनी चारूच्या मांजराला स्वेटर घातला आणि मांजर कसं रुसून कपाटावर चढून बसलं, ते त्यानं साभिनय करून दाखवलं होतं. इतक्या दिवसांत मंजिरी पहिल्यांदा हसली होती.

बाईंनी सावकाश समजावलं. फुप्फुसात द्राक्षांच्या घडासारखे बारीक फुगे असतात. आजारात ते ओल्या पिशवीसारखे आतून चिकटतात. जोर लावून फुगवावं, तर उघडे असलेलेच फाटायचे. शरीराकडे त्यावर जुना इलाज आहे, तो म्हणजे उसासा. घेतलेल्या श्वासावरच नकळत घेतलेला आणखी एक श्वास. एकेका उसाशानं मिटलेले काही फुगे अलगद उघडतात.

“मग मी मुद्दाम घेते ना,” मंजिरी म्हणाली. तिनं दहा मिनिटं घेऊन पाहिले. हातांना मुंग्या आल्या, पण यंत्राचा दिवा पिवळाच राहिला. ओढूनताणून घेतलेला श्वास ते पुढे पाठवत नसे.

“एकटी असतेस तेव्हा तुला तासाला वीस उसासे येतात,” बाई म्हणाल्या. “काल ऋषी होता तेव्हा दोन.”

“म्हणजे मी दुःखात राहायचं?”

बाई चष्मा पुसत राहिल्या. “असं औषध मला लिहून देता येत नाही. आकडे तेवढे दाखवते.”

मंजिरीनं ऋषीला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. माझे विनोद इतके वाईट का, असं त्यानं विचारलं. तिनं कारण सांगितलं. तिनं फोन बंद करून ठेवला. गप्पिष्ट नर्सलाही तिनं हात जोडले. ती आता चहा ठेवून मुकाट्यानं निघून जाई. त्रेसष्ट. एकाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. पंच्याऐंशीला नळी निघणार होती.

तेराव्या दिवशी दुपारी पडद्यावर ब्याऐंशी होते, आणि चारूनं डोळे उघडले. तोंडात नळी, त्यामुळे बोलता येईना. तिनं आईला शोधलं. मग चादरीवर दोन बोटांची मुंगी हळूहळू चालवली, त्यांच्या रोजच्या खेळातली.

मंजिरीचे ओठ हलले. पोटातून हसू वर येताना तिला जाणवलं. तिनं पडद्याकडे पाहिलं.

मग ती उठली आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली.

मागे काचेवर बोटांची टकटक झाली नाही; चारूचा हात तिथवर पोचतच नव्हता. थोड्या वेळानं मंजिरीला एक उसासा आला, अगदी नकळत. दिवा हिरवा झाला, आणि पलीकडे यंत्रानं तो जसाच्या तसा चारूला दिला.