दाराबाहेरचे वाडगे

विजेवरचा भाताचा कुकर मांडीवर घेऊन बसमध्ये बसलं की अनोळखी माणसंसुद्धा आपल्याशी मायेनं वागतात, हे मला त्या दिवशी कळलं. शेजारच्या आजोबांनी माझ्यासाठी पाय आखडून घेतले, कुकरकडं बघून हसले आणि म्हणाले, "नवं घर लाभू दे हो पोरी."

"घर नाही बदलत आजोबा, मावशीकडं चाललेय."

"आजच्या दिवशी मांडीवर कुकर, आणि म्हणे घर नाही बदलत!"

त्यांचंही बरोबरच होतं. बाहेर सगळ्या रस्त्यांवर सामानाचे टेम्पो धावत होते. चारी दिशांना फिरणारं विघ्न आभाळात गेलेलं असतं असे महिन्यातले मोजके दिवस असतात आणि अख्खं सोल शहर त्याच दिवसांत घर बदलतं. आणि घर बदलताना नव्या घरात सगळ्यात आधी जातो तो कुकर. माणसं मागून. कुकरानं उंबरा ओलांडला की त्या घरात तुमचं अन्न ठरलं, असं आमच्याकडं मानतात. कॉलेजात आम्ही या सगळ्याला हसायचो. हसायला काय जातंय, राहायला स्वतःचं घर कुणाकडं होतं?

माझी मावशी, बोक्सून तिचं नाव, बर्फावरून घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. ती दारेगोलच्या टेकडीवर भाड्यानं राहायची, माझ्या जन्माच्या आधीपासून. ती टेकडी आता पाडून तिथं मनोरे उठणार होते. मालकांनी आपापलं विकून टाकलं. भाडेकरूंना एकच आशा होती. शेवटची तपासणी होईपर्यंत जो खरोखर घरात राहताना दिसेल, त्याला सरकारी इमारतीत स्वस्त भाड्याची खोली मिळणार होती. ज्याचं घर बंद दिसेल त्याच्या भिंतीवर त्याच दिवशी लाल रंगानं 'रिकामं' असं लिहायचे. मग हक्क संपला. आणि बाहेर भाडी अशी भडकली होती की मावशीला तळघरातली ओली खोलीसुद्धा परवडली नसती.

"तपासणारा या आठवड्यात कधीही येईल," मावशीनं इस्पितळातून फोनवर बजावलं. "घर एकटं टाकू नकोस. तुझा कुकर घेऊन जा, माझा, घरं रिकामी करायला आलेल्या त्या काळ्या जाकिटवाल्यांनी लाथेनं फोडला. भात शिजव. वाफ दिसली पाहिजे. तो मेला डोळ्यांपेक्षा नाकानं तपासतो."

"आणि मला तिथं एकटीला भीती वाटली तर?"

"मग तर बरंच! घाबरणारं कुणीतरी घरात आहे म्हणजे घर भरलेलं आहे."

मी भित्री आहे, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. कुकरची शिटी वाजली तरी मी दचकते.

गल्लीत शिरले तेव्हा दुपार कलली होती. दोन्ही बाजूंना लाल अक्षरं. रिकामं. रिकामं. रिकामं. रंग ओघळून खाली गोठला होता. एका दाराशी तुटलेली खुर्ची, एका खिडकीत अर्धा पडदा. कुठंच आवाज नाही. आणि तरी मला सारखं वाटत होतं, की मी कोपऱ्यावर दिसण्याच्या क्षणभर आधीपर्यंत इथं कुणीतरी बोलत होतं.

मावशीच्या दाराचं कुलूप गारठ्यानं आखडलं होतं. ते कसंबसं निघालं, पण दार अडकून बसलं. एका हातानं ढकलून पाहिलं, जेमतेम फट झाली. मला दोन्ही हात हवे होते. खाली सगळा बर्फाचा चिखल. म्हणून मी त्या फटीतून कुकर आत सरकवला, उंबऱ्यापलीकडच्या कोरड्या फरशीवर ठेवला, आणि मग खांदा लावला.

"अगं बाई!" मागून आवाज आला आणि मी जोरात किंचाळले.

मासानकाकू होत्या. मासानहून लग्न होऊन आल्या म्हणून सगळे त्यांना तेच म्हणतात. गल्लीच्या टोकाला त्या आणि इथं मावशी, अशा दोनच बायका उरल्या होत्या.

"किंचाळतेस काय! कुकर आधी आत? आणि तोही आजच्या दिवशी?" काकू कंबरेवर हात ठेवून हसायला लागल्या. "टेम्पोवाले आज दुप्पट पैसे घेतात, आणि तू फुकटात राहायला आलीस की!"

"चुकून झालं हो काकू."

"चुकून झालं हे घराला कोण सांगणार?" त्या हसत म्हणाल्या, पण निघताना त्यांनी एकदा गल्लीतल्या सगळ्या दारांवरून नजर फिरवली. हसू तोवर मावळलं होतं.

मी जमीन तापवणारी खालची शेगडी पेटवली, भात लावला. खिडकी मुद्दाम किलकिली ठेवली, वाफ बाहेर जावी म्हणून. खायला बसले आणि लक्षात आलं की माझा वाडगा मी खोलीवरच विसरलेय. मी राहते ती परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांसाठी काढलेली भाड्याची कोठडी आहे, पाय पसरले की दाराला लागतात. त्या कोठडीत खरंखुरं माझं म्हणावं असं त्या वाडग्याइतकं काहीच नाही. त्याच्या काठाचा टवका उडाला तेव्हा मी तो जांभळ्या नेलपॉलिशनं भरला होता. असो. मावशीच्या वाडग्यात जेवले.

अंधारून येत होतं तेव्हा पलीकडच्या भिंतीतून 'टक्' असा आवाज आला.

कुणीही ओळखेल असा तो आवाज. भात झाला की कुकरचं बटण उडतं, तसा. माझा कुकर तर केव्हाच बंद झाला होता.

पलीकडचं घर रिकामं होतं. शिंप्याचं घर. वीज कापून महिने झाले असतील. मी भिंतीला कान लावला. मग भिंतीच्या सांध्यातून वास आला. ताज्या भाताचा, किंचित करपलेला, गोडसर. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू, पण तो वास इतका घरगुती होता की भीतीच्या आधी प्रश्नच पडला. कुणी शिजवला? कुणासाठी?

मी मोबाईलचा दिवा लावून त्या घरात गेले. दाराला कडीच नव्हती. स्वयंपाकघरात धूळ, उंदरांच्या लेंड्या, भिंतीवर जुनं कॅलेंडर. फळीवरसुद्धा धूळ होती, फक्त एक गोल जागा स्वच्छ होती. कुकरच्या बुडाएवढी. कुकर नव्हता. मी उगाच तिथं तळवा टेकवला.

फळी ऊन होती.

पळत बाहेर आले तर मावशीच्या दाराशी एक वाडगा ठेवलेला. रिकामा, पांढरा, त्याच्यावर निळा मासा. त्याच्या शेजारी दुसरा, स्टीलचा, चेपलेला. आणि मी बघत असताना... नाही, मी बघत असताना काहीच हललं नाही. मी काकूंना हाक मारायला तोंड वळवलं आणि पुन्हा पाहिलं तेव्हा ते पाच होते.

काकू धापा टाकत आल्या. वाडगे पाहून उंबऱ्यावरच बसल्या.

"हा निळ्या माशाचा... शिंपिणीचा," त्या कुजबुजल्या. "हा चेपलेला भाजीवाल्याचा. हा त्या जुळ्या मुलींच्या आईचा..."

"काकू, ही माणसं आहेत कुठं आता?"

"भाजीवाला इन्चॉन शहरात, तळघरात. जुळ्यांची आई कुठं गेली कुणाला ठाऊक. शिंपीण तर वारली, हाकलल्यावर रस्त्यावर तंबूत राहत होते ना ते सगळे, तेव्हाच." काकूंनी पदरासारखी शाल तोंडाशी धरली. "काळे जाकीटवाले पहाटे आले आणि या सगळ्यांना पांघरुणासकट उचलून बाहेर टाकलं. घराला सांगून निघतात गं आपल्यात. आम्ही निघालो, तूही चल, असं म्हणायचं असतं. त्यांना म्हणायला वेळच कुठं दिला? मग माणूस जिवंत असो की मेलेलं, त्याचं बिऱ्हाड मागंच राहतं."

"पण वाडगे कशाला?"

"तू नवीन आलीस ना? नवं बिऱ्हाड आलं की शेजाऱ्यांना काहीतरी वाढतं. कुकर तूच आत नेलास."

नवं बिऱ्हाड लाल चवळीची ढोकळी वाटतं, ते मला माहीत होतं. मावशीच्या डब्यात लाल चवळी होतीही. मी म्हटलं, "चवळी शिजवू?"

"वेडी की काय! लाल चवळीला भुतंखेतं पळतात." काकू त्या सगळ्या लाल भिंतींकडं बघत राहिल्या. "एकदा हाकलून झालंय त्यांना."

मग मी पांढरा भात लावला. घाईत पाणी दोनदा सांडलं. पाचही वाडग्यांत वाढला, वर थोडी किमची ठेवली, दार लावून घेतलं आणि कानांवर उशी दाबून निजले. मध्ये केव्हातरी चमच्यांचा बारीक आवाज येत होता, घाईघाईनं जेवल्यासारखा. तो नसता आला तर बरं वाटलं असतं का? मला अजून ठरवता येत नाही.

सकाळी वाडगे धुऊन, पालथे, एकात एक घालून खिडकीत ठेवलेले होते. रात्री नवा बर्फ पडला होता. त्यावर कुणाचंही पाऊल नव्हतं.

त्याच सकाळी इस्पितळातून फोन आला. मावशीची शस्त्रक्रिया लगेच करायची होती, नात्यातल्या माणसाची सही हवी होती. काकूंच्या दाराला कुलूप; त्या खालच्या सार्वजनिक न्हाणीघरात गेल्या होत्या. मी दारातच गोल गोल फिरले. गेले तर घर रिकामं. नाही गेले तर मावशी. शेवटी मी कुकर चालू करून ठेवला, आणि का कोण जाणे, आत तोंड करून म्हटलं, "मी येतेच आहे. तोवर घर सांभाळा."

सही केली. मावशीला आत नेताना तिनं माझा हात घट्ट धरून एवढंच विचारलं, "घरी कोण आहे?" मी म्हटलं, "आहेत." खोटं बोलले, असं मला वाटलं.

परतताना चढावर धावत होते तेव्हा तपासणारा समोरून उतरताना दिसला. तरुणच होता. हातात लाल रंगाचा डबा. मी त्याची वाट अडवून उभी राहिले.

"दादा, शेवटून तिसरं घर... मी फक्त तासाभरासाठी..."

"बोक्सूनबाईंचं ना? झालं की ते. राहतात म्हणून नोंदवलं." तो वैतागून नाक पुसत होता. "ताई, एवढी माणसं एका घरात कशी राहता हो तुम्ही? दाराशी चपलांचा हा ढीग. सगळे जेवायला बसलेले. मला पण बसा म्हणाली ती बाई, पण अजून तीन गल्ल्या करायच्यात."

"कोण... बाई?"

"तुमची मावशी असेल. बोटात अंगुस्तान होतं. शिवण करतात का त्या?"

मावशीला सुईत दोरा ओवता येत नाही. मी मान हलवली. तो डबा हेलकावत उतरून गेला. माझी जातानाची पावलं सोडली तर बर्फात मावशीच्या दारापर्यंत एकच पावलांची ओळ गेली होती आणि तीच परत आली होती. त्याची. दाराशी एकही चप्पल नव्हती. आत कुकर तळापर्यंत रिकामा होता, आणि जमीन इतकी ऊन, की पुष्कळ माणसं नुकतीच उठून गेली असावीत.

मावशीला खोली मिळाली. वसंतात दारेगोल पाडायला काढलं. नव्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर जायचा दिवस तिनं पंचांग पाहून काढला. सामान नेण्याच्या आधल्या संध्याकाळी ती कुबडीवर टेकून त्या गल्लीत उभी राहिली आणि प्रत्येक दारापाशी मोठ्यानं म्हणाली, "आम्ही निघालो. तुम्हीही चला." मी तिला सगळं सांगितलं होतं. ती मला हसली नाही.

तेव्हापासून विघ्न नसलेल्या दिवशी चौदाव्या मजल्यावर मावशीच्या दाराबाहेर वाडगे येतात. पाच. ती वाढते. शेजारीण विचारते, मांजरं पाळलीत का? मावशी म्हणते, "हो, जुनी आहेत."

मीही त्या दिवशी तिच्याकडं जेवायला जाते. भीती वाटते, पण जाते. गेल्या खेपेला लिफ्टमधून बाहेर आले आणि लांबूनच ओळ मोजली. सहा होते.

सहावा वाडगा ओला होता, नुकताच धुतल्यासारखा. काठाचा एक टवका जांभळ्या नेलपॉलिशनं भरलेला.

"मावशी... हा माझा आहे. सकाळी मी खोलीत धुऊन खिडकीत ठेवलाय."

मावशीनं तो उचलला, उलटा करून पाहिला.

"तुझ्या त्या कोठडीच्या मालकाचा काही फोनबिन, खोली सोड म्हणून?"

"नाही. का?"

"अजून नाही ना? मग आधी जेव." तिनं त्याच वाडग्यात भात वाढून माझ्या हातात दिला. "बाहेर नाही ठेवायचा हा. आत बस. तू आत बसून जेव."

मी आत बसून जेवले, अगदी शेवटच्या शितापर्यंत. मग दार किलकिलं करून बाहेर पाहिलं. पाचही वाडगे रिकामे झाले होते. पण शेवटचा वाडगा आणि भिंत यांच्यामध्ये एका वाडग्यापुरती जागा अजून मोकळी होती. मी तिथं तळवा टेकवला.

फरशी ऊन होती.