विसाव्यावरचा ओटा

ही गोष्ट कुणाच्या काकाच्या मित्राची नाही. माझ्या मावसभावाची आहे, प्रमोदची. हसायचं तर खुशाल हसा. आधी मीही हसलो होतो.

मग त्याचा चेहरा बघितला.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. दिवाळीची सुट्टी संपत आलेली. रविवार, दुपारचे साडेबारा. हो, भरदुपारचे. या असल्या गोष्टींना अमावस्याच लागते असं कुणी सांगितलं?

प्रमोद राहतो रत्नागिरीत, मांडवीला. बायको नम्रता माहेरी देवरूखला गेली होती, तिला आणायला निघाला. बाइकवर पुढे मनस्वी. सहा वर्षांची. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली पोर. तिला साधी शिंक आली तरी हा माणूस डॉक्टरकडे पळतो, त्यावरून आम्ही त्याची किती टर उडवायचो!

देवरूखच्या अलीकडे त्याने आतला रस्ता धरला. जवळचा म्हणून. गावाचं नाव मी सांगणार नाही, तिथे माणसं राहतात.

आणि तिथे टायर पंक्चर झाला.

चिटपाखरू नाही. भातं कापून झालेली, मळे मोकळे. ऊन मी म्हणत होतं. पण वळणावरच एक शेड होती. तीन बाजूंनी चिऱ्याच्या भिंती, वर पत्रा, आणि बोर्ड... ‘प्रवासी निवारा शेड’.

प्रमोदला हायसं वाटलं. आत गेला.

बाकं नव्हती. मधोमध एक सिमेंटचा ओटा. लांब, अरुंद. खाली सुतळीचे तुकडे, वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या आणि थोड्या लाह्या.

कुणाच्या तरी लग्नामुंजीचं सामान उतरवलं असेल, असं त्याला वाटलं. आपल्यालाही तसंच वाटलं असतं.

त्याने मनस्वीला ओट्यावर बसवलं. मोबाइलला रेंज नव्हती. समोरच्या चढणीवर पन्नास पावलं गेला तर एक दांडी आली. मेव्हण्याला, सर्वेशला, फोन लावला.

“भावजी, तिथेच थांबा. गाडी घेऊन येतो. अर्धा तास.”

एवढंच बोलणं. दोन मिनिटं धरा. शेड नजरेसमोर होती, फक्त बोलताना पाठ फिरली होती.

फोन ठेवला आणि त्याच्या लक्षात आलं...

किड्यांची किरकिर बंद झाली होती.

पाखरू नाही, वारा नाही. काहीच नाही.

मग आवाज आला. अनवाणी पावलांचा. जड काहीतरी वाहून आणताना पडतात तशी पावलं. आली... आणि शेडपाशी थांबली.

रस्त्यावर कुणी नव्हतं.

प्रमोद धावतच खाली आला.

मनस्वी ओट्यावर आडवी झाली होती. सरळ. हात छातीवर. डोळे उघडे, पत्र्याकडे लागलेले.

“मनू, ऊठ बाळा.”

“बाबा, हळू बोला. हलायचं नाही म्हणालेत.”

“कोण म्हणालं?”

“हे आजोबा. तिघं आहेत ना.”

प्रमोदने तिन्ही भिंतींकडे पाहिलं. कुणी नाही. फक्त उदबत्तीचा वास होता, आताच पेटवल्यासारखा.

“एक माणूस कमी आहे म्हणतात,” मनस्वी म्हणाली. “बाबा, तुम्ही व्हा ना चौथे.”

तो झटकन वाकून तिला उचलायला गेला...

उचलेना.

अठरा किलोची पोर. रोज हा तिला जिन्यावरून वर नेतो. पण ती ओट्याला चिकटल्यासारखी जड झाली होती. आणि तिच्या पायांचे दोन्ही अंगठे एकमेकांना घट्ट चिकटले होते. बांधल्यासारखे. त्याने ते सोडवायचा प्रयत्न केला. अंगठे बर्फासारखे गार होते.

प्रमोद रडायलाच लागला. कसाबसा तिच्या पाठीखाली हात घालून तिला खांद्यावर ओढू लागला.

“ओ भाव! खांद्यावर घेव नुको! अजाबात खांदा लावू नुको!”

रस्त्यावर एक म्हातारी उभी होती. डोक्यावर गवताचा भारा. तिने भारा टाकला आणि लगबगीने आत आली. सोनूबाई तिचं नाव, ते त्याला नंतर कळलं.

“पोरीला हितं कुनी बसवलान?”

“मी... एसटीची शेड आहे ना? बोर्ड आहे बाहेर.”

“बोर्डाला काय जातंय!” म्हातारीने कपाळावर हात मारला. “प्रेतासाठी शेड मागत होतो, ती मंजूर होईना. एसटीची झाली. मग बांधली तीच, बोर्डासकट. गावातलं शेंबडं पोर पन हितं बसत नाय. इसावा हाय हा आमचा. तिरडी टेकवतात हितं, खांदे बदलतात नि पुढं नेतात.”

प्रमोदने पुन्हा मनस्वीच्या पाठीखाली हात घातला.

“हितं टेकवलेलं मागं नेत नाय कुनी,” ती म्हणाली. “पुढंच जातं.”

“आजी, हात जोडतो. काहीही करा. एकुलती एक आहे माझी.”

तिने गवताचा भारा ओढत आणला, तिच्या बदल्यात म्हणून ओट्यावर मनस्वीच्या शेजारी ठेवला. वाट बघितली.

काही झालं नाही. मनस्वीचे डोळे मिटायला लागले होते. ओठ निळसर पडत होते.

सोनूबाईने एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा प्रमोदकडे.

“सर बाजूला,” म्हणाली. “मी बसतंय. माजं काय, पोरगं मुंबईला, घराला कुलूप. तू हिला पोटाशी धर नि चालाय लाग. मागं बघू नुको.”

ती ओट्यावर बसली. मग पाय वर घेतले.

त्याच क्षणी मनस्वी हलकी झाली. एकदम जोरात श्वास घेऊन ती रडायला लागली. प्रमोदने तिला पोटाशी कवटाळलं आणि तो पळत सुटला.

मागे म्हातारीचा आवाज ऐकू येत होता. कुणाशी तरी बोलत होती, ओळखीच्या माणसांशी बोलावं तसं.

“काय रं धाकू? दादू पन आलास? आनि ह्यो कोन, बाळा काय?”

मग तीच म्हणाली...

“बरं झालं. चौथा मिळाला वाटतं.”

प्रमोदने मागे पाहिलं नाही. सर्वेशची गाडी हमरस्त्यावरच भेटली. मनस्वीला डॉक्टरांनी तपासलं, ऊन लागलं असेल म्हणाले. संध्याकाळी पोर अंगणात खेळत होती.

सर्वेश बाइक आणायला गेला तेव्हा शेडपुढे माणसं जमली होती. सोनूबाई ओट्यावर सरळ झोपली होती. गेलेली. वय झालं होतं, ऊन बाधलं, असं सगळे म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी प्रमोद तिथे गेला. सुट्टी संपवून चाकरमानी मुंबईला परतलेले, मुलगा सकाळच्या गाडीने जेमतेम पोचलेला. खांद्याला चौथा माणूस मिळेना. प्रमोदने न विचारता खांदा दिला. मुलाने विचारलं, “तुम्ही आईच्या ओळखीचे?” याने तिरडीचा बांबू खांद्यावर सावरला.

मनस्वी आता आठ वर्षांची आहे. तिला त्यातलं काही आठवत नाही. गुटगुटीत आहे, दृष्ट लागेल अशी.

मी प्रमोदला किती वेळा समजावलं. वय झालं होतं रे तिचं. योगायोग असेल. तू कशाला मनाला लावून घेतोस?

तो ऐकून घेतो. परवाही ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ती ‘मी बसते’ म्हणाली ना, तेव्हा तिला हाताला धरून उठवता आलं असतं. निदान ‘नको’ तरी म्हणायचं. मी म्हटलं नाही रे. मनात आलं, बसू दे.”

माझ्या मांडीवर माझा मुलगा झोपला होता. मी त्याला जरा जवळ ओढलं.