एकाहत्तर अंश

औषधाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ताईचं काम एका दमात सांगता येईल असं होतं. पूड तापवून वितळवायची, निववायची आणि गोठताना कसले स्फटिक बनतात ते भिंगाखाली पाहायचं. औषध तेच, पण पापुद्र्यांसारखे स्फटिक बनले तर ते अंगात भिनायचं. सुयांसारखे बनले तर आलं तसं निघून जायचं.

गेले दोन महिने नुसत्या सुयाच येत होत्या. त्याआधी वर्षानुवर्षं निववायला आजोबा बसायचे. आजोबा म्हणजे तिथले सगळ्यात जुने रसायनतज्ज्ञ. सगळे त्यांना आजोबाच म्हणत. ते वारले आणि त्यांची हातोटीही गेली. ताईच्या धाकट्या बहिणीला फिट्स यायच्या आणि तिला हेच एक औषध लागू पडत होतं. घरात जुन्या सहा गोळ्या उरल्या होत्या. ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्या दुपारी तिने एकेचाळिसावा नमुना निववायला ठेवला. यंत्रावरचा आकडा एकेक अंशाने उतरत होता. एकाहत्तरवर तो थांबला. ताईने कशालाही हात लावला नव्हता. खोलीत लवंगेचा वास आला. आजोबा दाढेखाली लवंग धरून काम करायचे.

अकरा मिनिटांनी आकडा पुन्हा उतरू लागला. भिंगाखाली पापुद्रे होते. ताईने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

मग तिने स्वतः एकाहत्तरवर यंत्र थांबवून पाहिलं, तर सुया. हात आवरला, की आकडा आपणहून तिथे थांबे आणि पापुद्रे येत. गोळ्यांसाठी पूड वितळवायच्या मोठ्या भांड्याचंही तेच.

यंत्र दुरुस्त करणाऱ्याने सगळं खोलून पाहिलं. "ठणठणीत आहे, बाई. आपणहून थांबायला याला काही कारणच नाही." जाताना तो दारात घुटमळला. "लवंग कोण खातंय?"

ताई विज्ञानाची माणूस. पण बुडत्याला हात देणाऱ्याची कुणी उलटतपासणी घेत नाही. ती यंत्रापाशी एक स्टूल रिकामं ठेवू लागली. रोज निघताना म्हणायची, "आजोबा, तुमचे उपकार कसे फेडू?"

नव्या गोळ्यांच्या डब्यावर एकच सूचना होती: थंड जागी ठेवा. ऊब लागली की पापुद्र्यांच्या सुया होत.

महिनाभरात धाकटीला एकही फिट आली नाही. सकाळी ती खिडकीत उन्हाला बसून केस विंचरत होती, गुणगुणत होती. ताईचा जीव भांड्यात पडला.

"ताई, हल्ली भूकच लागत नाही गं. पण इतकं हलकं वाटतंय!"

ताईने तिचा हात हातात घेतला.

तो गार होता.

तिने थर्मामीटर आणून तिच्या जिभेखाली ठेवला. पाच मिनिटं थांबली.

पारा हललाच नव्हता.

"ताप आहे का?"

"नाही गं. छान आहेस."

ताईने डोळे मिटून आजोबांना हात जोडले, अगदी मनापासून. मग उठली, पडदा ओढला आणि धाकटीची खुर्ची हलकेच सावलीत सरकवली.