उरलेली जागा

थांब, थांब, तो तुकडा काळा करू नकोस! पेन्सिल खाली ठेव आधी. दिवा जरा इकडे ओढ, मला तुझा कागद नीट दिसू दे. मामाने तुला माझ्याकडे प्लॅन शिकायला पाठवलंय ना, मग पहिला धडा हाच. खोल्या मांडून झाल्यावर मध्येच जो तुकडा उरतो, त्याला चारी बाजूंनी भिंती घालून मोकळं व्हायचं नाही. सगळेच घालतात. मीही घातल्या होत्या. हसू नकोस, ऐक.

गेल्या सत्रात कॉलेजच्या कामासाठी मी दृष्टी नसलेल्या माणसासाठी लहानसं घर करायला घेतलं. विषय मीच निवडला, तोही बाबांसाठी. तुला माहीत आहेत तुझे आतोबा. जन्मभर पोस्टमन म्हणून पायपीट केलेला माणूस, पण डोळे गेले आणि उंबरठा ओलांडेना. दिवसभर खुर्चीत. आई म्हणायची, असेच बसून राहिले तर पायही जातील. मला वाटायचं, ते धीराने चालतील असं घर निदान कागदावर तरी जमायला हवं.

सुरुवातीला नेहमीसारखे गोल काढले. झोपायचा एक, स्वयंपाकाचा एक, कोण कोणाच्या शेजारी, कुठून कुठे जायचं त्याच्या रेघा. मग गोलांचे चौकोन केले आणि बाथरूम, स्टोअररूम आणि पॅसेज यांच्यामध्ये एक तुकडा उरला. त्यात धड कपाट बसेना, धड खिडकी निघेना. वैतागून चार भिंती घातल्या आणि आत काळं फासलं. सर म्हणाले, "कागदावर सगळंच मावतं. जमिनीवर खऱ्या मापाने आखा आणि त्यात कोणाला तरी चालवून बघा."

बाबांना कसंबसं तयार केलं. "तुझ्या परीक्षेसाठी हं," म्हणाले, "नाहीतर मी कुठला येतोय!" सुट्टीचा दिवस होता. कॉलेजच्या खेळाच्या हॉलमध्ये मी जमिनीवर सुतळीने घर आखलं, वरून टेप चिकटवली, म्हणजे बाबांच्या पायांना भिंत कळेल. दाराच्या जागी सुतळी नाही. वॉचमन कुलूप उघडून निघून गेला. दुपार होती, पण बाहेर आभाळ भरून आलेलं आणि हॉलच्या खिडक्या पार छताशी, त्यामुळे आत उजेड मळकट. आमच्या पावलांचा आवाज समोरच्या भिंतीवर जाऊन उशिरा परत यायचा.

बाबा निघाले. पायाने सुतळी चाचपत, पुढे काठी फिरवत. "हे स्वयंपाकघर का? ओटा फार लांब पडतोय गं," असं बोलत बोलत पॅसेजमध्ये शिरले आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! डोळे गेल्यापासून पहिल्यांदाच हा माणूस माझा हात न धरता चालत होता.

मग काठी वाजली. टक्.

जमिनीवर नाही गं, हवेत! कमरेएवढ्या उंचीवर, जिथे काही म्हणजे काही नव्हतं.

"इथे खरी भिंत उभी केलीस?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा... नुसती सुतळी आहे."

त्यांनी पुन्हा काठी फिरवली. टक्. तोच तो उरलेला तुकडा. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, हातात टेपचं रीळ. तेवढ्यात ओल्या चुन्याचा वास आला. बंद खोलीत साचून राहिलेला, घशाशी येणारा वास.

बाबांनी काठी खाली टेकली. दोन्ही हात तिच्या मुठीवर ठेवून उभे राहिले. आणि तरीही आवाज आला. टक्... टक्... आतून.

"अगं," बाबा हळूच म्हणाले, "आत कोणीतरी आहे... दार का नाही ठेवलंस?"

मला तिथून पळायचं होतं, बाबांना ओढून न्यायचं होतं. मी धावत त्यांच्यापाशी गेले, दंडाला धरून खेचलं, पण ते जागचे हलेनात. "आधी त्याला दार दे," म्हणाले. लहानपणी ओरडायचे ना, त्या आवाजात. मी मुकाट्याने गुडघ्यांवर बसले आणि त्या तुकड्याची एक बाजू सुतळीसकट उपटून काढली.

आवाज थांबला. बाबांनी अंग चोरलं... अरुंद जागेत समोरच्याला वाट देताना आपण चोरतो ना, तसं. "या," म्हणाले. माझ्या गालाला काहीतरी गार लागून गेलं. बस्, एवढंच. बाकीची सुतळी मी कशीबशी गोळा केली आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवसापासून बाबा फिरायला जायला लागले. एकटे, काठीशिवाय! आईला तर आकाश ठेंगणं झालं. मीही मनाची समजूत घातली. म्हटलं, हवं होतं तेच झालं ना, मग उगाच कशाला खोलात शिरायचं? पण एकदा गॅलरीतून पाहिलं. वळण आलं की बाबा थांबायचे, मान तिरकी करून ऐकायचे, हसायचे आणि मग बरोब्बर वळायचे. आईला सांगितलं तर माझ्यावरच उखडली, "तुझं आपलं काहीतरीच! चांगलं चाललंय ते बघवत नाही का तुला?"

काल ते उशिरा परतले. दहाही बोटं पांढरी, नखांत ओला चुना. आईने त्यांना खुर्चीत बसवलं आणि ओल्या फडक्याने बोटं पुसत बडबडायला लागली, "कुठल्या भिंती चाचपत आलात हो?"

"त्याची खोली बघून आलो," बाबा खुशीत म्हणाले. "बाहेरून वाटते त्याहून पुष्कळ ऐसपैस आहे. आपण तिघं आरामात मावू."

आईचा हात थांबला. मी कसंबसं विचारलं, "बाबा... आणि दार? बाहेर यायला दार आहे ना?"

बाबांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे. थोडा वेळ कान देऊन बसले.

"ते नंतर बघू, म्हणतोय तो," ते म्हणाले.