फुगा जाईल तिथवर टॉवर

ती पडलीच असती हो! एका हातात बाबांच्या औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि फूटपाथवर आडवी आलेली ती दोरी... पाय अडकला, पिशवी उडाली, आणि कुणीतरी तिला दंडाला धरून सावरलं.

"ओ मॅडम, अख्खं शहर वर बघत चाललंय. तुम्ही तरी खाली बघा की!"

असं म्हटल्यावर कोण खाली बघेल? तिने वरच बघितलं. दोरीच्या टोकाला, पार आभाळात, अख्खी खोली भरेल एवढा लाल फुगा डुलत होता.

"सर्कस आलीय का?"

"टॉवर आलाय," तो म्हणाला. "म्हणजे... यायचाय."

तर झालं होतं असं, की चौकातल्या रिकाम्या प्लॉटवर ऑफिसांचा काचेचा टॉवर होणार होता. तो किती उंच होईल हे लोकांना कळावं म्हणून तेवढ्या उंचीवर फुगा सोडायचा, आठवडाभर ठेवायचा, आणि शनिवारी तिथेच मांडव घालून लोकांची मतं ऐकायची, असा नियमच होता. बाजूला बोर्डावर टॉवरचं चित्र. सरळ उभा राहील तर शपथ! मधूनच पिळा दिलेला. कुणी म्हणायचं, टॉवेल पिळून ठेवलाय. कुणी म्हणायचं, स्क्रू आहे स्क्रू. एक आजोबा तर म्हणाले, "ज्याने काढलाय ना, त्याची कंबर धरलेली असणार." आणि ही सगळी बोलणी कुणी खायची? दोरी धरून बसलेल्या या बापड्याने.

"तुम्हाला राग नाही येत?" तिने विचारलं.

"मला दोरी धरायचा पगार आहे. राग धरायचा वेगळा मागावा लागेल."

तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं, म्हणून तिची तीच दचकली. मग हळूच म्हणाली, "एक विचारू? तो निळा पडदा दिसतोय, तिसऱ्या मजल्यावर? दुपारचं ऊन येतं आमच्याकडे. टॉवर झाला की..."

त्याने पडद्याकडे बघितलं. मग दोरीच्या रिळाकडे. मग नुसताच स्वतःच्या चपलांकडे.

"...येईल. टॉवरच्या डोक्यावरून येईल ऊन."

ती दोन-दोन पायऱ्या चढत घरी गेली. "बाबा! ऊन राहणार!"

बाबा म्हणजे आयुष्यभर बस चालवलेला माणूस. आता पलंगावरून उठायचं नाही, नाकात नळी, आणि उशाशी ऑक्सिजनच्या मशीनची अखंड घरघर. दुपारी ऊन चादरीवर यायचं, आणि ते जसं सरकेल तसे बाबा आपले हात त्याच्यात सरकवत राहायचे. बस, तेवढाच उद्योग. डॉक्टरांनी मध्यंतरी तिला बाहेर पॅसेजमध्ये बोलावून काही सांगितलं होतं. तिने ते ऐकलं, मान हलवली, आणि कुणालाच सांगितलं नाही. स्वतःलासुद्धा नाही.

चष्म्याच्या दुकानात ती काचा बसवायची. जेवणाच्या सुट्टीत घरी यायची, ती आता वाटेत थांबायला लागली. आधी उगाच. मग चहाचा थर्मास घेऊन.

"साखर कमी आहे हं, चष्मेवाल्या बाई."

"तुमची जीभ आहे ना गोड, ती बुडवा!"

"बुडवली असती, पण... चहा फारच गरम आहे. तुमच्यासारखा."

अशी सगळी गंमत! मधूनच वारा सुटायचा, फुगा ओढ घ्यायचा, तो हातमोजे घालून धावायचा, आणि ही दुकानात उशिरा पोचून शिव्या खायची. बोलता बोलता कळलं की तो बहिणीकडे राहतो, आणि हे टॉवरचं काम बहिणीच्या नवऱ्याचं, म्हणजे त्याच्या दाजींचं आहे.

शुक्रवारी बाबा खिडकीतून बघता बघता म्हणाले, "तुझा फुगेवाला वर बघतच नाही गं."

"माझा कसला!"

"बरं, माझा. अख्खा चौक वर बघतो, आणि हा सारखा रिळाकडे. फुगा त्याचा आणि त्यालाच बघवत नाही?"

खाली जाऊन तिने पहिल्यांदा त्या रिळाकडे नीट बघितलं. कितीतरी दोरी अजून गुंडाळलेलीच होती. आणि त्या गुंडाळीत, आत, एक लाल चिकटपट्टी.

"ही कसली पट्टी?"

त्याने पट्टीवर हात ठेवला.

"मी विचारतेय, कसली?"

"...तिथवर सोडायचा असतो फुगा." तो म्हणाला. "दाजी म्हणाले, लोक घाबरतात. जरा खाली ठेव."

"जरा म्हणजे?"

"निम्मा."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी बाबांना सांगितलंय, ऊन राहील म्हणून," एवढंच म्हणाली. दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "घाबरू नका. कुणाला सांगणार नाही. तुम्हाला दाजींच्याच ताटात जेवायचंय."

हे त्याला जास्त लागलं.

शनिवारी ती सभेला गेलीच नाही. खिडकीत उभी राहिली. मांडव भरला होता, दाजी माईकवर होते, आणि लोकही कसे, तर "दिसायला भयानक आहे हो, पण उंची बेताची आहे" असं म्हणत निवळत चाललेले. आणि तेवढ्यात... फुगा हलला.

वर गेला. आणखी वर. थांबेचना! माना मागे, मागे, आणखी मागे. चादरीवरच्या उन्हात फुग्याच्या सावलीचा काळा गोल आला आणि बाबांच्या हातांवर येऊन थांबला.

बाबा म्हणाले, "अस्सं."

खाली एकच गोंधळ. खुर्च्या पडल्या, कुणी माईक ओढला. ती धावत उतरली तेव्हा दाजी त्याची कॉलर धरून ओरडत होते, "घरी पाय ठेवायचा नाही!" त्याचा ओठ फुटला होता. आणि लोक? ज्यांना खरं दाखवलं तेच त्याला चोर म्हणत होते. तिने गर्दीतून हात घातला, त्याचं मनगट धरलं, आणि सरळ घरी घेऊन आली.

तो पलंगाशी उभा राहिला. "काका, मी खोटं बोललो होतो. ऊन नाही राहणार."

"बांधायला किती दिवस लागतील रे?"

तो अडखळला. "मंजुरी, पाया... तीन-चार वर्षं तरी."

बाबा हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, मशीन घरघरली, डोळ्यांत पाणी आलं. "अरे, मग मला पुरतंय की!"

आणि खरंच पुरलं. सभा फिसकटली, टॉवर पुन्हा कागदावर गेला, आणि बाबा गेले तेव्हा प्लॉटवर कुदळसुद्धा पडली नव्हती.

पण हे सगळं नंतर. त्या दुपारी ती मात्र खालीच बसली, जमिनीवर. टॉवरला वर्षं लागतात हे काय तिला माहीत नव्हतं? माहीत होतं की! पण हिशोब करायला बसलं की उत्तर येतं ना... म्हणून ती बसलीच नव्हती. आता मात्र ती रडली. मोठ्याने, लाज सोडून.

तो शेजारी बसला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"मला आता नोकरी नाही," तो म्हणाला. "घर नाही. आणि... तू आवडतेस मला. हे असं एकदम सांगायचं नव्हतं. पण आज खरं बोलायला लागलोच आहे, तर..."

ती हुंदक्यांतून म्हणाली, "नाक पुसायला काही आहे का?"

त्याने बाही पुढे केली. "दाजींचा शर्ट आहे. खुशाल पूस."

तिने पुसलं. आणि मग तिचं डोकं त्या बाहीवर तसंच राहिलं.

पलंगावरून बाबांचा आवाज आला, "मी झोपलोय हं."