पंखावरची दिवसपाळी

सुरत विमानतळावर सकाळी साडेदहाला शालिग्राम पाटलांच्या पँटच्या खिशातून बारा नंबरचा पाना निघाला, तेव्हा सरलाबाईंना जरासुद्धा नवल वाटलं नाही. पाना निघाला नसता, तर मात्र त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

"अंकल, ये क्या है?" तपासणीवाल्या जवानाने विचारलं.

"पाना है."

"वो तो दिख रहा है. प्लेन में क्या काम?"

"पड्या तो काम, नहीं पड्या तो आराम," शालिग्राम म्हणाले.

जवानाने पाना कात्र्या आणि नेलकटरांच्या टबात टाकला. मुठीला लाल चिंधी बांधलेली होती. सरलाबाईंच्या लग्नातल्या शालूचा काठ तो. कारखान्यात कुणी पाना ढापू नये म्हणून त्यांनीच पहिल्या वर्षी बांधून दिला होता.

शालिग्राम टबाकडे मागे वळून वळून बघत चालले. पोरीची पाठवणी करतानाही हा माणूस इतका वळला नव्हता.

सुरतच्या बमरोलीतल्या कापडाच्या लूम कारखान्यात छत्तीस वर्षं ते फिटर. तिथली एक रीत होती. बारा तासांची पाळी संपली म्हणून फिटरने निघायचं नाही. बदलीवाला आला पाहिजे आणि पाना त्याच्या हातात द्यायला पाहिजे, मुठीची बाजू त्याच्याकडे करून. त्याने तो धरला की पहिला मोकळा. एकदा बदलीवाला लोचो खायला म्हणून गेला तो थेट नंदुरबारलाच निघाला, आणि शालिग्राम तीस तास लूमपाशी उभे राहिले. त्या दिवशी घरी लेकीचं, मयुरीचं, बारसं होतं. आत्याने कानात नाव सांगितलं तेव्हा बाप लूमखाली आडवा होता.

हे सरलाबाई विसरल्या नव्हत्या. गेल्या महिन्यात शेठने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन शालिग्रामना मोकळं केलं, तेव्हा सरलाबाईंनी ते घड्याळ कपाटात उलटं ठेवलं. आता त्याच मयुरीच्या मुलीचं बारसं बंगळुरूला होतं. या बारशाला शालिग्राम हजर राहणार आणि नंतर सुरतच्या घरी नुसते बसून राहणार, एवढंच सरलाबाईंना आयुष्याकडून हवं होतं. फार नव्हतं.

विमानात शालिग्राम खिडकीशी बसले आणि पट्ट्यापाशी हरले. हजार लूम उघडून जोडणारा माणूस, पण ते बक्कल काही बसेना. उलटं घातलं, सुलटं घातलं, वास घेऊन पाहिला. शेवटी हवाईसुंदरीने खट्‌कन लावून दिलं.

"खाचच चुकीची पाडलीय," शालिग्राम म्हणाले.

विमान उडालं. खाली तापी, मग हजीऱ्याची धुराडी, मग समुद्र, मग ढग. सरलाबाईंनी पिशवीतून तपकिरी माकडटोपी काढली. "वर थंडी असते. घाला."

"विमानात कोण टोपी घालतं?"

"लोक बघायला वर येणार आहेत का?"

शालिग्रामनी टोपी घातली नाही. ते पंखाकडे बघत होते. बराच वेळ बघत होते.

"मयुरीच्या आई," ते हळूच म्हणाले, "पंखावर माणूस शे."

आता सरलाबाई कच्च्या नव्हत्या. मयुरीला कॉलेजात असताना भुतांच्या सिनेमांचं वेड होतं आणि मेथी निवडता निवडता सरलाबाईंनीही ते सगळे बघितले होते. विमानाच्या पंखावर कुणीतरी बसलंय आणि ते एकाच प्रवाशाला दिसतंय, ही मूळ विलायती गोष्ट. ती पडद्यावर पुन्हा पुन्हा काढलेली. एकात ते जनावर फाटलेल्या गादीसारखं केसाळ होतं. दुसऱ्यात ओलं, पालीसारखं. तिसऱ्यात तर धड दिसलंच नाही. सरलाबाईंनी त्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवली होती. भूत दरवेळी नवं असतं, पण जो ओरडतो त्याला बांधूनच खाली उतरवतात.

आणि बांधून उतरवलेल्या आजोबांना बारशाला कोण नेणार?

त्यांनी नवऱ्याच्या मांडीला चिमटा काढला. "ओरडायचं नाही."

"कशाला ओरडू? काम करतोय तो. हात चांगला बसलेला आहे."

सरलाबाई वाकून बघायला लागल्या. राखाडी पंख होता, थरथरत होता. बाकी काही नाही.

"पंख मोडतोय का?"

"मोडेल कशाला? आवळतोय. एक बोल्ट झाला की दुसरा." शालिग्राम काचेला नाक लावून बघत राहिले. मग त्यांचा आवाज बदलला. "मन्हा पाना शे तो. लाल चिंधी दिसतेय."

हवाईसुंदरी गाडी घेऊन आली. शालिग्रामनी तिला विचारलं, "ताई, बाहेरच्याला चहा मिळेल का?"

"सॉरी सर?"

"बाहेरच्यासारखा चहा मिळेल का, असं विचारतायत ते," सरलाबाई घाईने म्हणाल्या. "आल्याचा."

आल्याचा नव्हता.

उतरायच्या जरा आधी शालिग्रामांचा हात आपोआप वर गेला आणि काचेवर टेकला, काहीतरी घ्यायला पसरावा तसा.

"काय करताय?"

"तो पाना पुढे करतोय. मूठ माझ्याकडे."

सरलाबाईंनी तो हात खाली ओढला आणि बंगळुरू येईपर्यंत सोडला नाही. तळवा बर्फासारखा गार होता.

बारसं छान झालं. शालिग्रामनी पाळण्याला झोका दिला, घुगऱ्या खाल्ल्या, फोटोत मधोमध उभे राहिले. मुलीचं नाव पल्लवी ठेवलं. सरलाबाई पोटभर रडल्या आणि मोकळ्या झाल्या. फक्त वरून विमान गेलं की शालिग्राम हातातलं टाकून गच्चीवर जायचे आणि आवाज ऐकत उभे राहायचे, वैद्याने नाडी बघावी तसे.

"थकलाय तो," आठव्या दिवशी ते म्हणाले. "त्याचा बदलीवाला आलाच नसणार."

"तुम्हाला शाल मिळाली. तुम्ही सुटलात."

"मी सुटलो," शालिग्राम म्हणाले.

परतीच्या विमानातही खिडकी त्यांचीच. पट्टा पुन्हा लागेना, पुन्हा दुसऱ्याने लावून दिला. कडेच्या जागेवर शीतल नावाची, सुरतजवळच्या कडोदऱ्याची मुलगी होती. इंजिनियरिंग शिकत होती, सरलाबाईंना मासी म्हणत होती आणि त्यांचे मेथीचे ठेपले आवडीने खात होती. अर्धा प्रवास असा बरा गेला.

मग काचेवर टकटक झाली. तीनदा.

ती सरलाबाईंनीही ऐकली. त्यांनी बाहेर बघितलं नाही, ठेपल्याच्या डब्याकडे बघितलं.

शालिग्राम उठले. "जाऊन येतो जरा."

"कुठे?"

"मागे. बाथरूमला." त्यांनी पुढच्या सीटखालची पिशवी ओढली आणि माकडटोपी काढून घेतली.

"तिकडे टोपी कशाला?"

"थंडी असते," शालिग्राम म्हणाले. त्यांनी सरलाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, जाता येता ठेवावा तसा, आणि गेले.

दहा मिनिटं झाली. वीस झाली. सरलाबाईंनी मागे वळून बघितलं. बाथरूमवर हिरवा दिवा होता. आत कुणी नव्हतं.

मग त्यांनी खिडकीतून बघितलं.

पंखाच्या टोकाशी कुणीतरी उकिडवं बसलं होतं. पाठ विमानाकडे. काम सावकाश, नीट चाललं होतं. डोक्यावर तपकिरी टोपी होती, कानांवरून पुरती खाली ओढलेली, त्या सांगायच्या तशी.

सरलाबाईंचा हात वरच्या बटणाकडे गेला.

जो ओरडतो त्याला बांधतात.

हात तिथेच थांबला. मग खाली आला.

"आवो काका," शीतल म्हणाली आणि गुडघे आवळून तिने वाट दिली.

कुणीतरी सरलाबाईंच्या पुढून सरकत गेलं आणि खिडकीशी बसलं. गार वाऱ्याचा झोत आला, त्यात तेलाचा वास होता. सरलाबाईंनी मान वर केली नाही. त्यांना फक्त हात दिसले. नखांत काळं तेल होतं, छत्तीस वर्षं असायचं तसंच. बोटांच्या पेरांवर पांढरं हिम होतं, ते वितळायला लागलं होतं.

"काका, टोपी क्यां गई?" शीतलने विचारलं.

काकांनी फार लांबून चालत आलेल्या माणसासारखा सुस्कारा टाकला.

हवाईसुंदरी प्रवासी मोजत गेली. आकडा बरोबर भरला असावा, कारण ती हसली.

"सुरत आलं," शीतल म्हणाली. खाली हजीऱ्याची धुराडी दिसत होती.

त्या हातांनी पट्ट्याची दोन्ही टोकं उचलली, खाली न बघता जुळवली, आणि बक्कल पहिल्या झटक्यात खट्‌कन बसलं.